अमेरिकेचा लंगडा आणि त्याची मुलगी

मास्तर, तुमचा अमेरिकेचा लंगडा सापडला. म्हणजे नातीला सापडला, असं तिचं म्हणणं. ती तिकडं नोकरीला असते. सुट्टीत कुठल्याशा बंदराच्या गावी फिरायला गेली, तिथल्या संग्रहालयात एका चित्रकाराची गलबतं भिंतभर टांगलेली, आणि शेजारी पाटीवर लिहिलेलं की हा गृहस्थ लहानपणापासून कुबड्यांवर चालायचा. पोरगी तिथूनच फोनवर ओरडली, "आजी, तुझा लंगडा सापडला!" दिवाळीला आली ती हे जाडजूड पुस्तक घेऊन. ते आता माझ्यासमोर पडलंय आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की मुरुम गावात तुमची कबर दाखवणारंसुद्धा कुणी उरलं नसेल. शिवाय मराठी तुम्ही ओळीखाली बोट धरून वाचायचात, त्यामुळं एवढं लांबण तुम्ही वाचलं असतंत असंही नाही. तरी लिहिते. माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिला संशय मला नातीचाच आला. हल्ली काय वाटेल ते छापून मिळतं. आजी आयुष्यभर एका लंगड्याची गोष्ट सांगत आली, म्हातारीला बरं वाटावं म्हणून घेतलं असेल छापून, असं माझ्या मनात आलं. मी पुस्तकाची बांधणी बघितली, कागद चुरगाळून बघितला, मागची किंमत बघितली. पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, तू ना पोलिसात जायला हवं होतंस." मी म्हटलं, पोलिसांवरही माझा विश्वास नाही.

हे आमच्या घरात पिढीजात आहे, तुम्हाला माहीतच आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो आणि तुम्ही शेटजी, मुरुमच्या बाजारात अडतीवर बसायचे. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की वरची ज्वारी ते बघायचेच नाहीत. बाही कोपराच्या वर सारायची, हात पोत्यात तळापर्यंत घालायचा आणि तिथली मूठ वर काढायची. "वरची मूठ कुणाचीबी चांगलीच आसती," हे त्यांचं बोलणं आम्ही पोरं झोपेतसुद्धा बडबडत असू. भाव ठरायचा तोही उघड नाही, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून, शेजारच्या अडत्याला कळू नये म्हणून. अशा घरात वाढलेली मुलगी भोळी कशी निघणार? दूधवाली, सोयरीक घेऊन येणारा, देवळातला गुरव, जो कोणी दारात येईल त्याच्या तळाशी एकदा हात घालून बघायचा, हीच आम्हाला रीत. पुढं मी जन्मभर मास्तरकी केली, तर पोरं म्हणायची, बाईंना पाठीलाही डोळे आहेत.

आणि तुम्ही आलात तेही कसल्या दिवसांत! विलीनीकरण होऊन गेलेलं, निजामाचं राज्य संपलेलं, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आलेली, पण लोकांच्या मनातलं काही शाळेसारखं एका जूनमध्ये बदलत नाही. बोलता बोलता कुणी मुसलमान समोर आला की हिंदू थांबायचा, आणि मुसलमान तर आधीच थांबलेला असायचा. अशात हैदराबादेहून एक माणूस ड्रॉइंग मास्तर म्हणून येतो, काखेत कुबडी, खांद्याला कागदांची गुंडाळी, आणि उतरतो बहिणीच्या घरी. मेहुण्याचं पेठेत बांगड्यांचं दुकान. झालं! पाय कशानं गेला, हा गावाचा पहिला प्रश्न. तुम्ही सांगितलंत, लहान होतो, ताप आला, त्यात गेला. गावानं समोर मान हलवली आणि पारावर बसून ठरवून टाकलं की गोळी लागली असणार, हा रझाकारांत असणार. वर तुमच्या खिशात तो वीतभरसुद्धा नसलेला आरसा. शिंपी शपथेवर सांगायचा की मास्तर आरशानं खुणा करतो. कुणाला करतो, ते मात्र त्याला सांगता यायचं नाही.

खरं म्हणजे आरशाचं कारण तुम्ही आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतंत. हैदराबादला तुम्ही शिळाप्रेसमध्ये कामाला होता. तिथं गुळगुळीत दगडावर चित्र काढायचं ते उलटं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. मग बरोबर आलंय का ते आरशात बघायचं. "डोळा आपल्या चित्राला लई लवकर फितूर होतो," तुम्ही म्हणायचात. "आरशात धरा. परक्याचं दिसतं. मग खोट कळती." आम्ही एकेक जण आपापला आंबा, आपापली घागर घेऊन तुमच्या टेबलाशी येतोय, तुम्ही आरसा धरताय, आणि सगळ्यांच्या घागरी एका अंगाला कललेल्या निघतायत. माझीही निघायची. मला फार राग यायचा.

शनिवारी सकाळची शाळा असायची, आणि रंग वाळेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या लंगड्याची गोष्ट लावायचात. शंभर वर्षांमागं तिकडं दर्याकाठी एक चित्रकार होता. लहानपणीच पाय गेले. आधी पोटासाठी जोडे शिवायला बसला, आणि इथं वर्ग हसायचा. मग शिळाप्रेसमध्ये लागला, आणि इथं आम्ही एकमेकांकडं बघायचो. दगडावर हात बसला आणि तो गलबतांची चित्रं काढायला लागला. गलबतांचे मालक, कप्तान त्याच्याकडं यायचे, चित्रातला एकेक दोर बोटानं तपासायचे, एक दोर चुकला तरी चित्र परत. म्हणून मग हा मित्रांकडून स्वतःला होडीत उचलून ठेवून घ्यायचा आणि गलबताला चहूबाजूंनी फेरी मारून यायचा. नाव झालं. बंदराच्या वर दगडी घर बांधलं. लगीन केलं न्हाय. बहीण आणि मेहुणा त्याच्याच घरात राहायचे आणि मेहुण्याशी त्याचं घडीभर पटायचं नाही. हे वाक्य तुम्ही जरा जोरातच म्हणायचात, आणि मागच्या बाकावर बसलेला बांगडीवाल्याचा पोरगा, तुमचा सख्खा भाचा, खाली मान घालायचा.

"मास्तर, नाव काय त्याचं?" एकदा मी विचारलं.

"माझ्या उस्तादांना ठाऊक होतं," तुम्ही म्हणालात. "त्यांच्याकडं त्याचं एक छापील चित्र होतं. नावाचा कोपरा फाटला होता त्याचा."

आता तुम्हीच सांगा, कुणालाही काय वाटेल? हाही लंगडा, तोही लंगडा. हाही शिळाप्रेसवाला, तोही. हाही बहिणीबरोबर राहतो, तोही, आणि दोघांचे मेहुणे खवट. नाव विचारलं की कोपरा फाटलेला. माणूस आपलीच रडकथा सांगतोय आणि लाज वाटते म्हणून तिला अमेरिकेचा कोट घातलाय, हे मला आठवीतच कळून चुकलं होतं. पोरं मजेनं ऐकायची. मी पुरावे गोळा करायची.

त्याला कारण होतं. वर्गात मुलगी मी एकटी. गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी फार मागं लागून दादांकडून होकार मिळवला होता, तोही एका अटीवर. "कुठं कायबी वाकडं कानावर आलं," दादांनी सांगून ठेवलं होतं, "की त्याच दिशी दप्तर खुंटीला." ही अट सगळ्या शाळेला ठाऊक होती. सोयरिकी यायला लागल्याच होत्या. आई रोज संध्याकाळी माझी वेणी घालताना कुठल्या तरी गावाचं नाव काढायची, आज उमरगा, उद्या आळंद. आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं. मला खडू हातात धरायचा होता, टेबलाच्या पलीकडं उभं राहायचं होतं. तेव्हा तुमच्यावर डोळा ठेवण्यात माझा धडधडीत स्वार्थ होता, मास्तर. वाकडं तुमचं निघालं असतं आणि दप्तर माझं टांगलं गेलं असतं.

आणि ते निघालंच. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला त्यानंतरची गोष्ट. नवे हेडमास्तर आले ते थेट कोकणातले, सारखे घाम पुसणारे आणि भाकरीकडं दुःखानं बघणारे. त्या वर्षी संमेलनात दर्यावर्दी व्यापाऱ्याचं नाटक होतं. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, पडदा उमरग्याहून भाड्यानं कशाला, आपले मास्तर मुंबईला शिकलेले आहेत, काढतील समुद्र. तुम्ही काही बोलला नाहीत. हॉलमध्ये मांजरपाट अंथरलं, सरस शिजवला, पावडरचे रंग कालवले, आणि कुबडी भिंतीला लावून तुम्ही जमिनीवर बसल्या बसल्या सरकत सरकत समुद्र काढलात. लाटा, फेस, ढग, आणि मधोमध तीन डोलकाठ्यांचं गलबत, सगळी शिडं टम्म फुगलेली. सगळं गाव बघून गेलं. मुरुमात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळं सगळ्यांना तो एकदम खरा वाटला. आमच्या आळीतली एक म्हातारी तर काठावर पाय ठेवेना.

हेडमास्तर मात्र बराच वेळ उभे राहिले. आमचा सगळा वर्ग मागं उभा. "मास्तर," ते म्हणाले, "शिडं पुढच्या अंगाला फुगली आहेत आणि झेंडा मागे फडकतोय. तुमच्या समुद्रावर एकाच वेळी दोन वारे वाहतात की काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही पडद्याकडं बघत राहिलात. तुम्हाला चूक दिसली नव्हती, हे मला तुमच्या तोंडावरून कळलं, कारण माझ्या घागरीची मला दिसायची नाही तेव्हा मीही तशीच बघायची.

"तुम्ही समुद्र पाहिलाय ना?"

"न्हाय साहेब."

"मुंबईला शिकलात आणि समुद्र पाहिला नाहीत?"

"मुंबई मी कुठं बोललो, साहेब? मी हैदराबाद बोललो होतो. मुंबई कमिटीनं आपल्या मनानं लावली." तुम्ही हात पुसलेत. "मी न्हाय म्हणालो न्हाय, हे खरं. नोकरी पाहिजे होती."

हेडमास्तर भला माणूस होता, आवाज चढवला नाही. "संमेलन होऊन जाऊ दे," म्हणाले, "मग कमिटीपुढे बसून बोलू." पण पोरांनी ऐकलं होतं. शाळा सुटायच्या आत पेठेत गेलं की लंगड्या मास्तरची मुंबई खोटी, समुद्र खोटा, आणि मग पाय तरी खरा कशावरून?

दादांनी रात्रीच्या जेवणाला बसतानाच विषय काढला. "मी तर पयल्याच दिशी वळखलं हुतं," ते म्हणाले. आई म्हणाली, "मग बोलला न्हाय ते?" दादा म्हणाले, "बघत हुतो." मग माझ्याकडं वळले. "संमेलनाला मी सोता येतो. कमिटी काय म्हणती ते माझ्या कानानं ऐकतो. खोट्या माणसाच्या हाताखाली पोरगी शिकाया ठेवायची न्हाय, आधीच सांगतो." मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. तुमची कीव मला अजिबात आली नाही, मास्तर. मला तुमची चीड आली. एक झेंडा धड काढता येत नाही तर समुद्राच्या वाटेला जावं कशाला?

रविवारी आम्ही खळ्यावर होतो. गावाबाहेर आमचं थोडं रान होतं, तिथली ज्वारी मळून झाली होती आणि उपणणी चालू होती. तिवईवर उभी राहून एक बाई टोपल्यातनं ज्वारी सोडतेय, दाणा सरळ खाली पडतोय, भुसा उडून पलीकडं जाऊन बसतोय. दादा बाभळीखाली बसलेत. आणि बांधावरनं तुम्ही येताय, ढेकळांतून कुबडी सांभाळत, पायजमा धुळीनं भरलेला.

"काय मास्तर, इकडं कुठं?"

"वारा बघायला आलो शेटजी," तुम्ही म्हणालात. "परवानगी आसंल तर."

"वारा काय दिसतो व्हय?" दादांनी बसायला पोतं पुढं केलं आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "वारा न्हाय, रास बघाया आलाय. किती पोती झाली त्ये गावभर सांगंल."

मला वाटलं, हे दादांना लोणी लावायला आलेत. तुम्ही खरोखरच बघत बसलात. बराच वेळ. मग मला राहवेना. राग पोटात मावत नव्हता, म्हणून बोलले. म्हटलं, "मास्तर, भुसा बघा कुठं जातोय. आता त्या बाईच्या पदराचं टोक बघा. दोन्ही एकीकडंच जात्यात का न्हाय?"

"हौ गे," तुम्ही म्हणालात. "पण मग मोटारीचा झेंडा मागं का आसतो?"

"मोटार आपल्या जोरावर पळती, म्हणून मागं राहतो. गलबताला कोण ढकलतंय? वाराच न्हवं? मग जिकडं शिडं फुगली तिकडंच झेंडा जाणार की!"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, परत पदराकडं बघितलंत, आणि मग मांडीवर थाप मारून असे हसलात की तिवईवरची बाई टोपलं धरून थांबली. "म्या आयुष्यात झेंडा पळताना बघितला तो कलेक्टरच्या मोटारीवर, न्हायतर शर्यतीच्या बैलगाडीवर," तुम्ही म्हणालात. "उस्तादांच्या चित्रातला पार पुसून गेला होता. म्या मनानं लावला. गलबताला बी बैलं जुंपली बघ म्या!" दादांनाही हसू आलं, पण त्यांनी ते उपरण्यात दाबलं. तुम्ही गेल्यावर त्यांनी पोती पुन्हा एकदा मोजली.

संमेलनाच्या दिवशी, दिवसाउजेडीच, पडदा उलगडला तेव्हा झेंडा शिडांच्या दिशेनं गेलेला होता. हेडमास्तरांनी मान हलवली. पण अध्यक्षांना गाव जमलेलं असताना गप्प बसवेना. माणूस मिश्कील होता आणि तुमच्यावर रुसलेलाही, कारण मुंबई त्यांनीच लावली होती. "मास्तर, दोन शब्द बोला," ते म्हणाले. "समुद्र न बघता समुद्र कसा काढतात, ते जरा आमच्या लोकांना सांगा." लोक हसले. दादा दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मी मुलींच्या बाजूला, म्हणजे आया-बायांत.

तुम्ही कुबडीवर भार टाकून उभे राहिलात आणि अमेरिकेच्या लंगड्याची गोष्ट सांगितलीत. तीच, शनिवारची. जोडे, शिळाप्रेस, होडीत उचलून ठेवणारे मित्र, दोर तपासणारे कप्तान. मला पाठ होती, पुढचं वाक्य कुठलं येणार ते माझ्या ओठांवर आधी यायचं. आणि मग, दगडी घराच्या नंतर, जिथं मेहुणा यायचा, तिथं तुम्ही थांबलात. तुम्ही दुसऱ्या रांगेकडं बघितलंत.

"त्याला एक पोरगी होती," तुम्ही म्हणालात. "बारा-तेरा वर्षांची. बापाला धक्क्यापर्यंत जाता यायचं न्हाय, म्हणून ती जायची. वारा बघायची. घरी येऊन सांगायची, आज वारा हिकडनं हाय, शिडं आशी, झेंडा आसा. कप्तान आले की ते बी तिला विचारायचे. लोक त्याला बोलायचे, पोरीची जात हाय, घरात बसव तिला. तो म्हणायचा, बसवतो, पण मग माझी गलबतं बी बसतील. चित्राखाली नाव त्याचं आसायचं. वारा तिचा होता." मग तुम्ही पडद्याकडं हात केलात. "मी दर्या बघितला न्हाय. वारा मात्र बघितलाय. तुमच्याच गावात बघितला." आणि बसलात.

टाळ्या पडल्या. कोकणातले हेडमास्तर उभे राहून वाजवत होते. आया-बायांत कुणी तरी म्हणालं, "अगं बया, पोरगीच हुशार म्हणायची ती." मी एकटी टाळ्या वाजवत नव्हते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठक्ठक् करत होती. लग्न न केलेल्या माणसाला पोरगी आली कुठनं?

घरी येताना अर्ध्या वाटेवर दादांनी मागं वळून बघितलं. मग म्हणाले, "अमेरिकेत पोरी वारा सांगत्यात म्हणं." पुढच्या वळणावर म्हणाले, "झेंड्याचं तर आपल्याच पोरीनं सांगितलं की त्याला." दारात चपला काढताना आईला म्हणाले, "त्या आळंदवाल्यांना सांग, एवढ्यात न्हाय. मॅट्रिकपतूर शिकू दे तिला." आणि लगेच माझ्याकडं बोट करून, "पण मास्तरवर ध्यान ठिव. लई ग्वाड बोलतंय ते."

तुमची नोकरीही राहिली. कमिटी बसली, पण टाळ्या वाजवून झाल्यावर माणसाला काढायचं कसं, हा त्यांना पेच पडला. पुढच्या शनिवारी मी तुम्हाला गाठलं. सगळे गेल्यावर टेबलाशी उभी राहिले. "मास्तर, त्यानं लगीन केलं नव्हतं, असं म्हणाला होता तुम्ही."

"म्हणालो आसंन."

"मग पोरगी कुठनं आली?"

तुमचा चेहरा उतरला. मग तुम्ही चिडलात, पहिल्यांदा आणि शेवटचं. "तू हितं चित्र काढाया येती का झडती घ्याया? सगळं गाव माझी झडती घेतंय, तू ऱ्हायली होतीस एक! बापासारखी पोत्यात हात घालती, घाल. पण तळाला काय लागलं ते वळखाया बी याया पाहिजे!" मी रडायच्या बेतात आले, ते तुम्ही बघितलंत. कुडत्याच्या खिशातनं आरसा काढून माझ्यापुढं टाकलात. "घे. माझ्यापरीस तुझ्याच कामाचा हाय. बस खोट काढत."

मी आरसा घेतला आणि तुम्हाला खोटं ठरवलं. मॅट्रिक झाले, धाराशिवला ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले. तुम्ही गेल्याचं मला नळदुर्गाजवळच्या एका खेड्यात, तालुक्याहून आलेल्या शिपायानं सांगितलं, तेही इतर चार गोष्टी सांगता सांगता. मी फळ्यावर गणित मांडत होते, ते पूर्ण केलं. तोवर माझं मत पक्कं झालं होतं. अमेरिका नाही, बंदर नाही, उस्ताद नाही, सगळं तुम्ही घरच्या घरी शिजवलेलं. पण गोष्ट चांगली होती. सोडवेना. मी माझ्या वर्गांना सांगितली, माझ्या मुलीला सांगितली, नातीला सांगितली. पोरगीसकट.

आता हे पुस्तक. शब्दकोश उशाला, भिंग हातात, रोज दुपारी थोडं थोडं वाचलं. कुबड्या आहेत. जोडे शिवणं आहे, मास्तर, जोडे! शिळाप्रेस आहे. होडीत उचलून ठेवणारे मित्र आहेत. बंदरावरचं दगडी घर आहे, त्याचा फोटोच आहे. बहीण आहे. आणि मेहुण्याशी त्याचं पटत नव्हतं, हेही त्या लोकांनी इमानदारीनं छापलंय. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून उठले, पाणी प्यायले, परत येऊन तीच ओळ पुन्हा वाचली. मग तुमचा आरसा काढला आणि चित्रांवर धरला. एकाही गलबताचा झेंडा उलटा नाही.

म्हणजे तळापर्यंत ज्वारी चांगलीच होती. तुम्ही शब्द न शब्द खरं सांगत होता, आणि मी सोडून अख्ख्या वर्गाला ते कळत होतं. खोटं तुम्ही एकदाच बोललात. तेही कधी, तर ज्या दिवशी सगळं गाव तुमचं खोटं पकडायला सतरंजीवर बसलं होतं. आपल्या नोकरीसाठी नाही बोललात. तिथं तुम्ही सरळ म्हणालात, दर्या बघितला न्हाय. माझं दप्तर खुंटीला लागू नये म्हणून बोललात, दादांच्या तोंडावर बघून. आणि मी तुम्हाला विचारलं, पोरगी कुठनं आली! मास्तर, मला तुमचा असा राग आलाय म्हणून सांगू. सांगितलं का नाहीत? एवढे चिडलात, आरसा फेकलात, एक वाक्य बोलायचं होतंत. काल दुपारी मी या पुस्तकावर डोकं ठेवून रडले. नातीला वाटलं डुलकी लागली.

ती हुशार आहे, तिनं सगळं पुस्तक आधीच चाळलंय. परवा मला म्हणाली, "आजी, पण ती वारा सांगणारी मुलगी कुठाय यात?" मी तिला म्हटलं, "पुस्तकवाल्यांचं काय खरं धरतेस, बायकांची नावं गाळायची त्यांना सवयच असते." तिला ते पटलं. मलाही जवळजवळ पटलं.

हे कागद कुठं टाकायचे ते काही सुचत नाही, तेव्हा पुस्तकात घालून ठेवते, वर आरसा ठेवते. त्या माणसानं लग्न केलं नाही, त्याला मूलबाळ नव्हतं, हे पहिल्याच प्रकरणात स्वच्छ लिहिलंय, आणि मी ते पहिल्याच दुपारी वाचलं होतं. तरी मी शेवटच्या पानापर्यंत तिला शोधत होते.